डीप फ्रीजरचे दोन नळ

"देख बरं, बुडबुडा निंघी ऱ्हायना का?"

चुनीलाल डीप फ्रीजरच्या पोटात कमरेपर्यंत वाकले होते, त्यामुळे त्यांचा आवाज डब्यातून आल्यासारखा येत होता. मी बाहेर उभी. एका हातात साबणाच्या फेसाची वाटी, दुसऱ्या हातात त्यांचा जुना दाढीचा ब्रश. सांध्यावर फेस लावायचा आणि तिथं बुडबुडा फुगतो का ते पाहायचं. फुगला तर गॅस गळतोय, नाही फुगला तर काम पक्कं.

"नही निंघत," मी म्हटलं.

"चष्मा लाईसन देख."

"लायेल शे चष्मा. मले शाळामा जानं शे. हेडसर काय तुमना बुडबुडा देखाले येवाव नही."

"एकच सांधा ऱ्हायना, भाग्येशनी माय. जरा थांब ना."

थांबले. एकतीस वर्षं थांबतेच आहे.

नवऱ्याचं नाव बायकोनं घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. पण 'हे' आणि 'ह्यांनी' करत बसले तर तुमचाही गोंधळ आणि माझाही, म्हणून सरळ नावानं लिहिते. चुनीलाल पाटील, फ्रीज-कूलर दुरुस्ती, मुक्काम रनाळे, तालुका नंदुरबार. दुकान म्हणजे आमच्याच घराची पुढची खोली. मी रंजना, गावातल्या हायस्कुलात कारकून. शाळेच्या कागदावर मी शुद्ध लिहिते, घरात अहिराणी बोलते आणि रागावले की दोन्हीची खिचडी होते. अलीकडे खिचडीच जास्त.

तो डीप फ्रीजर एका आइस्क्रीमवाल्याचा. दुरुस्तीला म्हणून टाकून गेला तो परत आलाच नाही. चार वर्षं त्याच्यावर माझे पापड वाळले. आणि आता चुनीलाल त्याला बिअरचे नळ बसवत होते. हो, बिअरचे! ज्या माणसाच्या बापाला दारूनं खाल्लं, ज्यानं सतराव्या वर्षी बापाला अग्नी देऊन घरी आल्यावर आईच्या पायाला हात लावून शपथ घेतली, लोकांच्या वरातीत नाचताना ज्यानं कधी थेंब घेतला नाही, तो माणूस. गावात सांगितलं असतं तर लोकांनी मलाच वेड्यात काढलं असतं.

आमचा भाग्येश दिवाळीच्या आधी गेला. पुण्यात होता, औषधाच्या कंपनीत, लॅबमध्ये. सव्वीस वर्षांचा. डेंग्यू. सोमवारी फोनवर म्हणाला, "जरा ताप शे माय, गोळी लिधी," आणि शनिवारी आम्ही त्याला ॲम्ब्युलन्समधून गावी आणला. याच्यापुढं त्याबद्दल मला लिहिता येत नाही. लिहायला बसले की हात शाळेतल्यासारखा रकाने आखायला लागतो.

फेब्रुवारीत त्याचा खोलीवरचा मित्र नवनीत गाडी करून त्याचं सामान घेऊन आला. कपडे, पुस्तकं, इस्त्री, आणि गुडघ्याच्या वर येतील अशा दोन उभ्या स्टीलच्या टाक्या. एक रिकामी होती. दुसरी इतकी जड, की उचलायला नवनीतला चुनीलालची मदत लागली.

"काकू, तुम्हाला कसं सांगू," नवनीत म्हणाला. "ही बिअर आहे. आम्ही फ्लॅटवर बनवायचो. म्हणजे तोच बनवायचा, मी नुसता बाटल्या धुवायचो. ही त्यानं दसऱ्याच्या आधी भरलेली. बंद टाकीत राहते, हवा लागली नाही तर टिकते. मला प्यायची हिंमत झाली नाही आणि फेकायचीही झाली नाही."

माझं डोकंच फिरलं. "दारू आणलीस माझ्या दारात? त्याच्या कपड्यांबरोबर? आत्ताच्या आत्ता गटारात ओत!" खूप बोलले. बिचारा मान खाली घालून ऐकत होता. त्याच्यावर राग नव्हताच माझा, पण समोर तोच होता.

चुनीलाल भरलेल्या टाकीजवळ उकिडवे बसले आणि आजारी माणसाचा ताप बघावा तसा त्यांनी टाकीवर तळहात ठेवला. नवनीतनं खिशातून घडी घातलेला कागद काढून त्यांना दिला. आलेखाच्या कागदावर पेन्सिलीनं काढलेलं चित्र. डीप फ्रीजर, त्याच्यावर लाकडी चौकट, चौकटीला दोन नळ. प्रत्येक वस्तूच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं, भंगारात काय मिळेल आणि विकत काय घ्यावं लागेल. ते चित्र बघून चुनीलालचा चेहरा जो पडला तो मला अजून दिसतो, कारण त्याचं कारण मला माहीत होतं.

नवरात्रात भाग्येशचा फोन आला होता. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते, फोन स्पीकरवर. "अप्पा, दुकानमा एक नळना चार हजार मांगतस. तुम्ही भंगारमाईन फुकट करी देशात. दिवाईले मी टाकी लई येस, दोन्ही मियीसन बसाडूत."

आणि चुनीलाल म्हणाले होते, "दारूले नळ मी बसाडाव नही. टाकी लई येवानी व्हई ते घर येऊ नको."

भाग्येश हसला होता. त्याला माहीत होतं, बाप दोन दिवसांत विरघळतो. कुठला बाप असं बोलत नाही? पण 'घर येऊ नको' हे शब्द तोंडातून गेले आणि पोरगा खरंच तसा आला नाही. आला तो वेगळाच आला. चुनीलालनी हे मला कधी बोलून दाखवलं नाही. झोपेत मात्र दोनदा बोलले.

चित्रातल्या पहिल्या नळाखाली लिहिलं होतं, 'बिअर'. दुसऱ्याखाली लिहिलं होतं, 'अप्पा. लिंबू सोडा.'

नवनीत गेल्यावर संध्याकाळी चुनीलाल म्हणाले, "आखाजीले त्यानी घागर भरनी पडी."

मी म्हटलं, "हं."

आमच्या खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, दिवाळीपेक्षा मोठी. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. आणि त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांना पाणी द्यायचं. वर्षभरात जो गेला असेल त्याच्या नावानं नवी लाल घागर भरायची, तोंडावर खरबूज ठेवायचं, आंबा आणि सांजोरी ठेवायची. वैशाखाच्या उन्हात त्याची तहान भागावी म्हणून. मुलगा बापासाठी भरतो ही घागर. बापानं लेकासाठी भरायची वेळ कोणावर येऊ नये.

"त्या घागरमा," चुनीलाल म्हणाले, "एक पेला त्याना हातनं टाकसू. यामाईन. नळ लाईसन, थंडं करीसन, जसं त्यानं काढेल शे तसंच. मी नही म्हने व्हतू ना? आते करस."

मी त्या टाकीला शिव्या घातल्या होत्या, पण या माणसाला काय बोलणार! म्हटलं, करा.

मग दोन महिने आमच्या पुढच्या खोलीत तेच चाललं. डीप फ्रीजरच्या भिंतीला भोक पाडायचं नसतं, कारण आतून गॅसच्या नळ्या फिरलेल्या असतात. एक ड्रिल चुकीच्या जागी गेला की फ्रीजर मेला. भाग्येशनं ते चित्रात लिहूनच ठेवलं होतं, 'भिंतीला हात लावू नका, अप्पा ओरडतील.' म्हणून झाकण काढायचं, मधे चार फळ्यांची चौकट बसवायची, चौकटीवर परत झाकण, आणि नळ त्या लाकडात. फळ्या चुनीलालनी जुन्या दाराच्या घेतल्या. दोन दिवस घासल्या. मला म्हणाले, "हात फिराडी देख, काटा लागस का?"

पहिल्यांदा त्यांनी पितळेचे नळ आणले. नवनीतला व्हिडिओ कॉल लावला. तो पलीकडून ओरडला, "काका, पितळ नको! आंबट पदार्थ आहे, चव बिघडेल. स्टील पाहिजे." मग चुनीलालनी नंदुरबारच्या भंगार बाजारात तीन फेऱ्या मारल्या आणि कुठल्याशा मंगल कार्यालयाच्या मोडक्या वॉटर कूलरचे दोन स्टीलचे नळ घेऊन आले. लिंबू लावून असे घासले की मी म्हटलं, माझी भांडी कधी अशी घासली का हो? गॅसचा सिलिंडर आणला चौफुलीवरच्या सोडावाल्याकडून. तो म्हणाला, "अप्पा, सोडानी गाडी टाकी ऱ्हायनात का?" चुनीलाल म्हणाले, "हाव."

आधी सगळं रिकाम्या टाकीवर करून पाहिलं. तिच्यात पाणी भरलं, गॅस सोडला, थंड केलं, नळ उघडला, तर नुसता फवारा! माझी साडी भिजली, कॅलेंडर भिजलं, चुनीलालच्या मिशा भिजल्या. किती महिन्यांनी मी हसले आणि हसता हसता मलाच लाज वाटली. नवनीत म्हणाला, नळी आखूड आहे, दहा फुटांची घ्या आणि आत गुंडाळून ठेवा, लांब फिरून आलं की ते शांत होतं. तसं केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा नळ उघडला आणि पाणी सरळ, बारीक, न उडता पेल्यात उतरलं. वर छान बुडबुडे.

तो चित्रातला दुसरा नळ होता. चुनीलालनी त्यात लिंबू पिळलं, मीठ टाकलं, उभ्यानंच पेला तोंडाला लावला. पिऊन झालं तरी त्यांनी पेला तोंडावरून काढला नाही. मी बराच वेळ बघत राहिले. मग स्वयंपाकघरात निघून गेले, कारण माणसाला कधीतरी एकटं सोडावं लागतं.

एप्रिल लागल्यावर भरलेली टाकी आत गेली. डीप फ्रीजर तर बर्फ करतो, आणि हिला हवा नुसता गारवा. म्हणून चुनीलालनी मागच्या बाजूला एक छोटा डबा लावला, आकडे दाखवणारा. आत चार डिग्री झाले की तो करंट बंद करतो, सहा झाले की चालू करतो. डीप फ्रीजरची पिन डब्यात, डब्याची पिन भिंतीत. त्यांनी मला हे समजावून सांगितलं होतं का? आता ते म्हणतात सांगितलं नव्हतं. मला वाटतं सांगितलं असेल आणि मी नुसतं हं हं केलं असेल.

आखाजीच्या चार दिवस आधी भटू नाना आले. चुनीलालचे चुलतभाऊ, भाऊबंदांत सगळ्यांत मोठे, घागर त्यांच्याशिवाय भरता येत नाही. खाटेवर बसले, पाणी प्याले आणि फ्रीजरकडे बघून म्हणाले, "आयकं ते खरं शे का, चुनीलाल? पितरले दारू देवाना शे तू?"

"एक पेला, नाना. त्याना हातनं शे."

"लगीन नही जयेल पोऱ्यानी घागर आपलामा भरतस नही. आते तू भरी ऱ्हायना ते मी काही बोलनू नही. पन दारू? तुन्हा बाप कसा गया, इसरी गया का?"

"नही इसरनू."

"मंग?"

चुनीलालना भांडता येत नाही, गिऱ्हाईकाशी सुद्धा येत नाही. मग मीच मधे पडले. "नाना, सासराले दारूनी मारं, मन्हा पोऱ्याले मच्छरनी मारं. त्यानी कोन्हं काही बिघाडं नही. यासना त्याले एक सबद देवाना ऱ्हाई गया, तो यास्ले दी लेऊ द्या. तुम्हले येवानं नही व्हई ते नका येवा. मी हात जोडीसन भरसू घागर." बोलताना माझा पदर खांद्यावरून पडला होता, तेही मला कळलं नाही.

नाना उठले. "बारा वाजाना आत भरनी पडी," एवढंच म्हणाले आणि गेले. येणार होते म्हणजे.

आखाजीला लेकीला आणायला भाऊ जातो. त्याला आम्ही मुऱ्हाई म्हणतो. आमच्या रूपालीला दोंडाईच्यापलीकडं दिलेली, आणि दरवर्षी भाग्येश पुण्याहून आधी तिच्याकडं उतरायचा आणि तिला गाडीवर मागं बसवून आणायचा. या वर्षी मुऱ्हाई म्हणून तिचा बाप गेला. आखाजीच्या दोन दिवस आधी, सकाळच्या एसटीनं, धुतलेली टोपी घालून. जाताना मला बजावून गेले, "झाकन उघाडू नको. गारवा निंघी जाई." व्याही मुक्काम केल्याशिवाय सोडणार नव्हते, ते ठरलेलंच होतं.

त्या दिवशी दुपारी शाळेत असताना मोबाइलवर मेसेज आला. देखभालीच्या कामासाठी उद्या सकाळी नऊ ते सायंकाळी सहा वीज बंद राहील.

बाहेर चव्वेचाळीस डिग्री ऊन. नऊ तास लाईट नाही म्हणजे आतलं सगळं गरम होणार. सहा महिने जपलेलं, दोन महिने ज्याच्यासाठी हा माणूस राबला ते आखाजीच्या आदल्या दिवशी नासणार. चुनीलालना फोन लावला, लागला नाही, रेंज नसेल. चार वाजता धावत घरी आले आणि फ्रीजरला कान लावला. आवाज नाही! बंद! हात लावला तर घरघरही नाही. मला वाटलं, मागचा तो डबाच बिघडला.

आता काय करायचं हे मला कोणाला विचारायची गरज नव्हती. एकतीस वर्षं मी ते ऐकत आले. लाईट जाणार असली की लोकांचे फोन येतात, दूधवाल्याचे, मेडिकलवाल्याचे, आइस्क्रीमवाल्यांचे, आणि चुनीलालचं उत्तर एकच: "आदला दिनच फुल करी ठेवा. आतमा गारवा भराई गया ते दिनभर काही व्हवाव नही." मी डब्यातली पिन उपसली, सरळ भिंतीत लावली आणि फ्रीजरचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. घर्रर्र करून फ्रीजर चालू झाला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! झाकणावर हात ठेवून मी मोठ्यानं म्हटलं, "काही व्हवाव नही रे भाऊ, तुन्ही माय शे आठे."

आणि दुसऱ्या दिवशी लाईट गेलीच नाही. सणामुळं काम पुढं ढकललं म्हणे. मी सांजोऱ्यांचं सारण भाजत होते, शेजारच्या ममताबरोबर पुऱ्या लाटत होते, कुंभाराकडून घागर आणायची होती, घर सारवायचं होतं. फ्रीजर चालूच होता, आवाज येत होता, म्हणजे सगळं ठीक. पिन परत लावायची आठवणच राहिली नाही. खरं सांगायचं तर त्यात परत लावण्यासारखं काही आहे, हेच मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी चुनीलाल रूपालीला घेऊन आले. ती उंबऱ्यातच बसली आणि तिनं असा हंबरडा फोडला की गल्ली गोळा झाली. तिला पाणी पाजण्यात, समजावण्यात रात्र झाली. चुनीलालनी येता-जाता एकदा फ्रीजरच्या झाकणावर तळहात ठेवला. "चाली ऱ्हायना," म्हणाले. झाकण उघडलं नाही. गारवा जाईल म्हणून.

आखाजीच्या सकाळी अंगणात पाट मांडला, गव्हाच्या राशीवर नवी घागर ठेवली. नाना आले, आणखी दोघं भाऊबंद आले. आगारीसाठी गोवऱ्या पेटवल्या, गेलेल्याच्या नावानं अन्नाचा घास निखाऱ्यावर टाकायचा असतो त्याला आम्ही आगारी म्हणतो. रूपालीनं ताट वाढलं. चुनीलालनी अंघोळ करून धोतर नेसलं होतं, लग्नानंतर मी त्यांना पहिल्यांदा धोतरात बघितलं. त्यांनी हातात काचेचा पेला घेतला आणि पुढच्या खोलीत गेले. मी मागोमाग गेले.

त्यांनी पहिल्या नळाखाली पेला धरला. एकदा माझ्याकडं बघितलं. नळ ओढला.

फुस्स झालं. काहीच आलं नाही.

त्यांनी नळ बंद केला, पुन्हा ओढला. नाही. मग झाकण उघडलं. आतून पांढरी वाफ आली. नळीचं वेटोळं पांढरं होऊन कडक झालेलं, एका जागी लांब चिरलेलं. चुनीलालनी टाकी दोन्ही हातांनी धरून हलवली. पाण्याचा आवाज यायला हवा, तो आला नाही. टाकी आतून दगड झाली होती.

एकतीस वर्षं हेच काम करणारा मेकॅनिक. त्याला शोधायला काय वेळ लागणार? त्यांची नजर वायरवरून मागं गेली, भिंतीवर गेली, पिनवर थांबली. मग बटणावर. मग माझ्यावर. तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. मी दाराची चौकट धरली.

तेवढ्यात नानांचा आवाज आला. "काय जयं रे चुनीलाल? येळ व्हई ऱ्हायना." नाना खोलीकडं येत होते, चपलांचा आवाज जवळ येत होता.

चुनीलाल वाकले. भिंतीतली पिन काढली, डब्यात खोचली, बटण मागं फिरवलं. नाना दारात येईपर्यंत ते सरळ उभे होते.

"बर्फ व्हई गया, नाना. मन्हा हातनी सेटिंग चुकनी."

नानांनी आत डोकावून बघितलं. "आख्खी जिंदगी हाऊच धंदा कया तू. आन पोऱ्याना येळे चुकना?"

"हाव. चुकनू."

नाना चुकचुकले. "देवलेच मान्य नही व्हतं," म्हणाले आणि अंगणात परत गेले. सगळ्यांना सांगितलं असणार, कारण बाहेरची कुजबुज बंद पडली.

"मी कयं ते," मी म्हटलं. "लाईट जानार व्हती. मेसेज येल व्हता. ते गरम व्हई जाई म्हनीसन मी…"

"माहीत शे."

"तुम्ही बठ्ठास्ले सांगतस ना, फुल करी ठेवा. मी तेच…"

"माहीत शे, भाग्येशनी माय. आते रडू नको. रडाले दिन पडेल शे. मले मोठा पेचकस दे आन घागर आठे लई ये."

मी गरम पाणी आणते म्हटलं, टाकीवर ओतलं की लवकर सुटेल. ते म्हणाले, बाहेरून चालेल, तोंडापाशी नको, त्याच्यात साधं पाणी मिसळायला नको. मी टाकीच्या अंगावरून गरम फडकी फिरवली. त्यांनी गॅस सोडून दिला, झाकणाची कळ उघडली, हात जाईल एवढ्या तोंडातून पेचकसाचं टोक आत घातलं आणि हातोडीनं हळू हळू ठोकायला लागले. आतून खडीसाखरेएवढे तुकडे सुटायला लागले, फिकट पिवळे. खोलीत भिजलेल्या धान्यासारखा वास पसरला. चुनीलाल हात आत घालत आणि एक एक तुकडा काढून माझ्यापुढच्या घागरीत टाकत. त्यांची बोटं आधी लाल झाली, मग पांढरी. दोनदा त्यांच्या हातातून तुकडा निसटला तो त्यांनी जमिनीवरून उचलला, फुंकला आणि तोही टाकला.

मी त्यांचा हात पदरात धरला. धरून ठेवला.

"सोड," ते म्हणाले. "अजून दोन येतीन."

बाहेरून रूपालीनं हाक मारली. साडेअकरा झाले होते. त्यांनी पेचकस खाली ठेवला. "पानी तू टाक," म्हणाले. मी तांब्यानं पाणी ओतलं. बर्फाचे तुकडे वर आले आणि घागरीच्या आतल्या अंगाला लागून वाजले. बघता बघता घागर बाहेरून गडद झाली, कोरी माती पाणी प्यायला लागली.

घागर कमरेवर घेतात. लहानपणापासून तीच सवय. पण ती इतकी गार होती आणि माझ्या हातात इतकं बळ नव्हतं, की मी ती दोन्ही हातांनी पोटाशी धरली. साडीतून गारवा आत शिरला, बेंबीपर्यंत. मला पाऊल उचलेना. चुनीलालनी मला घाई केली नाही, नानांना 'येतस' म्हणून आतूनच ओरडले आणि वाट बघत उभे राहिले.

मग मी अंगणाकडं निघाले. ते माझ्यापुढं झाले आणि मी अडखळू नये म्हणून त्यांनी दारातल्या सगळ्यांच्या चपला वाकून एक एक करून बाजूला ठेवल्या.